कॅमेऱ्याचं कपाळ

आमच्या गल्लीत पहिला कॅमेरा बसायचा होता, त्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं. समोरच्या खांबाशेजारी रंगाऱ्यांची असते तशी दोन पायांची शिडी उभी होती आणि तिच्या अगदी वरच्या पायरीवर एक गृहस्थ बसलेले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, मांडीवर भडंगाची पुडी. चिमूट चिमूट भडंग तोंडात टाकत ते माझ्या दाराकडं टक लावून बघत होते.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय. मागच्या बाकावर कुणी नुसतं तोंड उघडलं तरी गप्प बसवणारा आवाज आहे माझा. तो काढला.

"कोण हो तुम्ही? आणि माझ्या दारात काय बघताय?"

"बघायलाच बसलोय की बाई," वरून शांत उत्तर आलं. "उद्यापास्नं हितं कॅमेरा बघणार. त्येला दिवसभर काय दिसणार, ते आधी मला नगं बघाय?"

मी दूध घेऊन आत आले. पण कसलं लक्ष लागतंय! दर अर्ध्या तासानं खिडकीतनं डोकावत होते. मनुष्य उन्हात तिथंच. गल्लीतली माणसं खाली जमली, कुणीतरी ओरडलं, "पावणं, उतरताय का वरच जेवण पाठवू?" पावण्यांनी पिशवीतनं डबा काढून दाखवला. दुपारी मलाच राहवेना, मी शिडीच्या निम्म्यापर्यंत हात पुरवून चहा दिला. चहा घेताना मान माझ्याकडं नाही, रस्त्याकडंच.

संध्याकाळी ते उतरले. गुडघे चोळत मला म्हणाले, "तुमच्या न्हाणीची खिडकी दिसती. कॅमेरा हातभर पलीकडं सरकवतो."

मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण माझा एक प्रश्न सहा महिने तुंबलेला होता. माझ्या भिंतीशी रोज कुणीतरी खरकटं आणून टाकत होतं. मी विचारलं, "आज कुणी कचरा टाकला ते दिसलं असेल की तुम्हाला?"

"दिसलं."

"कोण?"

"दिसलं ते दिसलं," म्हणाले, आणि शिडी मिटवून खांद्यावर टाकून चालू लागले.

काय राग आला होता मला! पण दुसऱ्या दिवसापासून कचरा बंद. कॅमेरा अजून खोक्यातच होता, तरी बंद. त्यांनी कुणाच्या दारात जाऊन काय सांगितलं ते मला आजतागायत कळलेलं नाही, आणि आता कळावं असं वाटतही नाही.

हे बसाप्पा घुगरे. डोळस सिक्युरिटी सिस्टीम्सचे मालक, उभ्या कोल्हापूरचे आप्पा. मूळचे निपाणीकडच्या एका खेड्यातले. घरात आईशी कन्नड, बाहेर आपली रांगडी मराठी. पुढच्याच वर्षी त्यांनी आमच्या गल्लीच्या टोकाचं घर घेतलं. "शिडीवरनं बघितलंतं तवाच आवडलंतं," म्हणाले. घर शिडीवरनं पसंत केलेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

आप्पांच्या कंपनीचे कॅमेरे कुठं नाहीत? सराफांच्या दुकानांत आहेत, शाळांत आहेत, वारणानगरच्या बाजूच्या डेअऱ्यांत आहेत, गारगोटीच्या बाजारात आहेत, तालमींत आहेत. आणि त्यातल्या प्रत्येक जागी आप्पा आधी स्वतः बसलेले आहेत. इतर कंपन्यांची माणसं येतात, भिंतीला भोकं पाडतात, मोबाइलवर चित्र दाखवतात आणि जातात. आप्पा शिडीवर चढतात आणि दिवस काढतात. एका मंगल कार्यालयात वऱ्हाडाची चपला-पायताणं चोरीला जायची. आप्पा अख्खं लग्न दारावरच्या शिडीवर बसले. वधूपित्याला वाटलं हा रुसलेला कुणी भाऊबंद आहे. त्यानं खालून हात जोडले, "उतरा, झालं गेलं विसरा, दोन घास खाऊन जावा." आप्पा उतरले, जेवले, परत चढले.

गगनबावड्याच्या अलीकडं एका गावात त्यांनी कॅमेरा लावला आणि पावसाळा लागला. तिथला पाऊस आणि तिथलं धुकं म्हणजे काय विचारता! सरपंचांच्या टीव्हीवर चार महिने नुसतं दही. आप्पा दर आठवड्याला एसटीनं जाऊन काच पुसून यायचे, आणि परतीची गाडी फाट्याला पोचेपर्यंत परत दही. शेवटी सरपंचच म्हणाले, "असू द्या आप्पा, चोराला बी काय दिसत न्हाय."

फोनवर बोलायची त्यांची तऱ्हाही तशीच. फोन कानाला लावत नाहीत. हातभर लांब धरून, स्पीकर चालू करून बोलतात. "कानाला लावला की डोळं कुठं भटकत्यात पत्ता लागत न्हाय," म्हणतात. त्यामुळं त्यांचे फोन सगळ्या गल्लीला ऐकू येतात. त्यात कधी कुणाचं गुपित नसतं, कारण गुपित सांगायला कुणी आप्पांना फोनच करत नाही. गुपितं त्यांना आधीच दिसलेली असतात.

आणि मला या माणसाचं नवल वाटतं ते इथंच. आपल्याला एखादी गोष्ट कळली की पोटात राहत नाही. मी स्वतः बाई माणूस, त्यातून शिक्षिका, माझ्या पोटात तर सकाळचं संध्याकाळपर्यंत टिकत नाही. हा मनुष्य पंचवीस वर्षं साऱ्या गावाकडं बघतोय. कोण कुठं जातो, कोण गाडीत बसून एकटाच रडतो, कोण देवळाबाहेर दुसऱ्याच्या चपला घालून निघतो, सगळं यांनी बघितलंय. तोंडातनं शब्द नाही. फार खोदून विचारलं तर तेच, "दिसलं ते दिसलं."

एकदा मात्र मला त्याचा प्रत्यय माझ्याच दारात आला. आमचे हे गेल्यावर मी एकटीच राहते. एके सकाळी दारावर थाप पडली. मी कशीबशी उठून दार उघडलं. अंगात ताप फणफणत होता, डोळ्यांपुढं अंधारी. दारात आप्पा, आणि त्यांच्यामागं कोपऱ्यावरचे डॉक्टर.

"कॅमेरा तपासाय आलतो," आप्पा म्हणाले.

"डॉक्टरांना घेऊन?"

"वाटंत भेटलं."

नंतर माझ्या ध्यानात आलं. दाराला अडकवलेली दुधाची पिशवी साडेनऊ वाजले तरी मी आत घेतली नव्हती. बास, एवढंच त्यांना दिसलं होतं. डॉक्टर मला तपासत होते तोवर हा गृहस्थ खरोखरच बाहेर खांबापाशी उभा राहून कॅमेऱ्याकडं मान वर करून बघत होता. खोटं बोलले होते ना, ते खरं करून दाखवत होते.

तर सांगायचं म्हणजे, यंदा कंपनीला पंचवीस वर्षं झाली. आता सगळा कारभार आप्पांची सून राजश्री बघते. इंजिनिअर आहे, इचलकरंजीची, कामाला वाघीण. तिनं ठरवलं की एक स्मरणिका काढायची, त्यात कंपनीचा इतिहास, आणि तो बाईंनीच लिहायचा. मी हुरळले. वही घेऊन रोज दुपारी ऑफिसात जाऊन बसायला लागले.

"आप्पा, पहिलं काम कुठलं?"

"बैल," आप्पा म्हणाले.

हा इतिहास ऐकण्यासारखा आहे. कंपनीच्या आधी आप्पा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगमध्ये होते. म्हणजे शूटिंग करणारा दुसराच होता. आप्पा फोकस धरायचे, तो भगभगीत दिवा हो, ज्याच्या उजेडात नवरीचे डोळे मिटायचे. मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न यांनीच शूट केलं होतं. त्या व्यापाऱ्याच्या गुदामातल्या गुळाच्या ढेपा दुपारी सगळे जेवायला गेले की कमी व्हायच्या. झिजल्यासारख्या. हमालांवर संशय. व्यापारी म्हणाला, तुमचा तो कॅमेरा दुपारी हितं लावून बघा. लग्नाचा कॅमेरा पोत्यांच्या थप्पीवर ठेवला, वर गोणपाट टाकलं आणि सुरू करून सगळे जेवायला गेले.

कॅसेट लावून बघितली. दोन तास काहीच नाही. मग देवाला सोडलेला एक वळू डुलत डुलत आत आला, ढेपांपुढं उभा राहिला आणि डोळे मिटून चाटायला लागला.

"आणि बाई," आप्पा हसू दाबत म्हणाले, "कॅसेट दिली ती कशी दिली ठावं हाय? सवयच लागलीती. सुरवातीला गणपती, मग सनई. बैल गूळ चाटतोय आणि चारी बाजूंनी गुलाबाच्या पाकळ्या पडाय लागल्यात. मधनंच बदामात बैलाचं तोंड."

मी हसून हसून वही खाली टाकली. हमाल सुटले, व्यापाऱ्यानं वळूला हात जोडले आणि सगळ्या यार्डात बोभाटा झाला. तिथनं कंपनी सुरू झाली.

"पण हे पाकळ्या-बदाम करणारे कोण?" मी विचारलं. "शूटिंग कोण करायचं?"

आप्पांचं हसू थांबलं. "दुसरं इचारा," म्हणाले.

मी जुने फोटो काढायला लावले. ऑफिसच्या उद्घाटनाचा एकच फोटो. त्यात आप्पा शिडीवर, आणि शिडी धरलेले दोन हात. हातांचा माणूस फोटोच्या बाहेर. बरं, आप्पांचाही त्यानंतर एक धड फोटो नाही. राजश्री म्हणाली, "बाई, मामांचे फोटो नाहीत, पण चेहरा आहे. हे बघा." तिनं एकेका कॅमेऱ्याचं पहिलं रेकॉर्डिंग लावलं. प्रत्येक कॅमेरा सुरू झाला की त्याला पहिल्यांदा दिसतं ते आप्पांचं तोंड. नाक भलंमोठं, डोळे बारीक केलेले, जीभ दातांत, आणि मलमलीच्या फडक्यानं काच पुसणं चाललेलं. सराफाचा कॅमेरा, आप्पा. शाळेचा कॅमेरा, आप्पा. तालमीचा कॅमेरा, आप्पा, नाकाला तांबडी माती. मी बघतच राहिले. या गावातल्या यंत्रांनी डोळे उघडले ते या चेहऱ्यावर.

आप्पा बाहेर गेल्यावर मी राजश्रीला धरलं. ती आधी टाळत होती, मग बोलली.

शिडी धरलेले हात दिलावरभाईंचे. दिलावर मुल्लाणी. शूटिंग त्यांचं, पाकळ्या त्यांच्या, कंपनी दोघांची. "दिसलं ते दिसलं" हे वाक्यसुद्धा मूळ त्यांचंच. लग्नघरात कॅमेऱ्यातनं काय काय दिसतं! कुठला काका मांडवाच्या मागं पिऊन पडलाय, कुठली नवरी कुणाकडं बघून रडतीय. दिलावरभाईंनी फोकस धरणाऱ्या आप्पांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, दिसलं ते दिसलं, मांडवाबाहेर न्यायचं नाही. कंपनी काढली तेव्हा त्याचीच दोघांनी शपथ घेतली.

मग दहा वर्षांपूर्वी आप्पा एका बेकरीचं रेकॉर्डिंग तपासत होते. त्यात दिलावरभाईंची मुलगी शबाना दिसली, एका मुलाबरोबर पॅटिस खाताना. पुढच्या गुरुवारी परत दिसली. आप्पा बोलले नाहीत. वर्षभरानं शबानानं त्याच मुलाशी परस्पर लग्न केलं, आणि तेव्हा रेकॉर्डिंगपाशी बसलेला बेकरीवाला सहज बोलून गेला की आप्पांनी तर हे केव्हाच बघितलं होतं.

दिलावरभाई ऑफिसात आले. "तुला दिसलंतं?"

"दिसलंतं."

"मग मला बोलला का न्हाईस?"

"तूच शिकवलंस की दिल्या. दिसलं ते दिसलं."

दिलावरभाई म्हणाले, "परक्याला न्हाय सांगायचं असं शिकवलंतं. मी परका व्हय रं?" किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि निघून गेले. लक्ष्मीपुरीत पुन्हा आपलं फोटो-व्हिडिओचं दुकान मांडलं.

"आता शबाना दोन मुलांची आई आहे," राजश्री म्हणाली. "जावयाशिवाय दिलावरकाकांचं पान हलत नाही. सगळं मिटलंय. मामांशी तेवढं बोलत नाहीत. मामाही पुढं होत नाहीत. पण बाई, त्यांच्या दुकानाचा कॅमेरा आपलाच आहे, आणि दरवर्षी दसरा झाला की त्यांच्या दुकानातनं तक्रार येते. दुकानातलं कुणीतरी फोन करतं, कॅमेरा दिसत नाही म्हणून. मामा तिथं कुणालाच पाठवत नाहीत. स्वतः जातात."

दसऱ्याची तक्रार म्हणजे काय, ते सांगायला हवं. खंडेनवमीला आपल्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा होते. लोहाराचा हातोडा, शिंप्याची मशीन, ट्रॅक्टर, ट्रक, संगणक, सगळ्यांना हार. मग कॅमेऱ्यानं काय पाप केलंय? लोक स्टुलावर चढतात, कॅमेऱ्याला झेंडूचा हार घालतात आणि भक्तिभावानं बरोबर काचेवर हळदकुंकू फासतात. कॅमेऱ्याची काच झाकली गेली की मालकाच्या मोबाइलवर घंटी वाजते, तशी सोय असते. त्यामुळं खंडेनवमीला निम्म्या कोल्हापूरचे मोबाइल एकदम ठणाणा करतात, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पांच्या ऑफिसात फोनवर फोन. सराफ म्हणतो सगळं लाल दिसतंय, डेअरीवाला म्हणतो पिवळं दिसतंय, शाळेचे हेडमास्तर म्हणतात, मैदानावर पाकळी चिकटलीय.

आप्पा कुणावर चिडत नाहीत. देवाधर्माला नाही कसं म्हणायचं? ते घरोघर एकच सांगत फिरतात, "म्होरं न्हाय, मागं लावा. कॅमेऱ्याचं कपाळ मागं असतंय." आणि काच पुसून, पाठीला आपल्या हातानं कुंकू लावून देतात.

यंदा पावसाळ्यात आप्पा पडले. जन्मभर शिडीवर बसलेला माणूस न्हाणीत पाय घसरून पडला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि राजश्रीनं फर्मान काढलं, शिडी बंद. लांब काठीला ब्रश लावलेलं एक यंत्रही तिनं मागवलं, खालून काच पुसायचं. आप्पांनी त्याच्याकडं सासरच्या पाहुण्याकडं बघावं तसं बघितलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले तर आप्पा सकाळपासून तक्रारींच्या फोनशेजारी खुर्ची टाकून बसलेले. फोन येत होते, राजश्री माणसं पाठवत होती. दर फोनला आप्पांची मान वर व्हायची.

"कुठनं हाय?"

"शिरोलीचा कारखाना."

मान खाली. परत घंटी. "कुठनं हाय?"

"शाहूपुरी, मामा."

बारा वाजले, दोन वाजले. डबा उघडला नाही. राजश्रीनं दोनदा सांगितलं, मीही रागावले. "भूक न्हाय," म्हणाले. तीननंतर फोन थंडावले. आता मलाही धाकधूक वाटायला लागली. दरवर्षी सकाळी अकराच्या आत येणारा फोन आला नव्हता. आप्पा विचारत नव्हते, पण त्यांची नजर त्या फोनवरनं हलत नव्हती, आणि बघण्याची सवय तर त्या नजरेला काय सांगू!

चार वाजता राजश्री बँकेत गेली. आप्पा उठले. "बाई, शिडी धरता का?"

"मी?"

"दुसरं कोण हाय? पोरास्नी सांगितलं तर ती राजश्रीला सांगत्यात."

आता निवृत्त शिक्षिकेनं काय काय करावं! रिक्षाच्या टपावर शिडी बांधून आम्ही दोघं लक्ष्मीपुरीत गेलो. दुकानाचं शटर निम्म्यावर ओढलेलं. मी शेजारच्या शिंप्याला विचारलं.

"दिलावरभाई न्हवं? दुकान एक कामगार उघडतोय, तो बी आत्ताच गेला. त्येंच्या छातीत कळ आलीती. मिरजंला आठ दिवस ठेवलंतं. परवाच घरी आणलंय. कुणाशी बोलत न्हाईत म्हणं, मोबाइल घेऊन पडून असत्यात."

आप्पांनी काही विचारलं नाही. शिडी उभी केली. मी म्हटलं, "आप्पा, गुडघा!" तर चढायलासुद्धा लागले. एकेका पायरीला कण्हत. मी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली आणि अंबाबाईचं नाव घेतलं. शिंपी मशीन थांबवून बघत होता.

वर गेल्यावर आप्पांनी कॅमेऱ्यात बघितलं, आणि तसेच बसून राहिले.

"काय झालं? पुसा की."

"काय पुसू? काच लख्ख हाय." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "ह्या वर्षी कुणी लावलंच न्हाय."

"बरंच झालं की मग."

"बाई," आप्पा खाली न बघता म्हणाले, "तुमास्नी काय वाटलं, ही माणसं चुकून लावत असतील? लोकं चुकत्यात. दिल्या न्हाय. लग्नात माझं बोट नुस्तं काचंजवळ गेलं तर हातावर फटका हाणायचा. दसऱ्याला कॅमेऱ्याला हार घालायचा तो बी मागनं. कॅमेऱ्याचं कपाळ मागं असतंय, हे मला कुणी सांगितलं? त्येनंच. आणि तो माणूस दरसाल स्वतः चढून काचंवर कुंकू फासतोय. मला काय कळत न्हाय?"

मी मान वर करून काचेकडं बघितलं.

"आत टीव्हीम्होरं बसतोय," आप्पा म्हणाले. "मी पुसाय लागलो की माझं थोबाड दिसतंय त्येला. एवढं मोठ्ठं. मी बी काय गडबड करत न्हाय. निवांत पुसतो. नऊ वर्षं वर्सातनं एकदा भेटतोय आमी."

खाली रस्त्यावर गाड्यांची ये-जा चालली होती, आणि हा पासष्टीचा मनुष्य वर बसून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. अगदी कॅमेऱ्यासमोर.

मग एकदम म्हणाले, "बाई, तुमच्याकडं कुंकू हाय?"

कोल्हापुरातल्या बाईच्या पर्समध्ये देवीच्या देवळातली कुंकवाची पुडी नाही असं होत नाही. मी हात उंच करून पुडी दिली. आप्पांनी अंगठा बुडवला, आणि जन्मभर ज्याला नको नको म्हणत आले तेच केलं. बरोबर काचेच्या मधोमध अंगठा दाबला. सगळी काच लाल.

घंटी. मला एकदम उमगलं. कुठंतरी एका घरात, उशाशेजारच्या मोबाइलवर, या क्षणी घंटी वाजत असणार.

आप्पांनी खिशातलं मलमलीचं फडकं काढलं आणि पुसायला सुरुवात केली. सावकाश. एक फेर, थांबले. दुसरा फेर, थांबले. टोपी सारखी केली. मला खालून त्यांची हनुवटी तेवढी दिसत होती, पण तो चेहरा मी शंभर रेकॉर्डिंगांत बघितला होता. नाक भलंमोठं, डोळे बारीक, जीभ दातांत.

फोन वाजला. आप्पांनी तो हातभर लांब धरला. पलीकडनं नुसता श्वास, जड. मग घोगरा आवाज आला, सगळ्या लक्ष्मीपुरीला ऐकू जाईल असा.

"डावीकडं, वरच्या कोपऱ्यात राहिलंय."

आप्पांनी फडकं घेतलं आणि डावीकडचा वरचा कोपरा पुसला.

"आता?"

"न्हाय. हाय अजून." मग दिलावरभाई म्हणाले, "गुडघा कापलाय म्हणं तुझा. वर कशाला चढलास?"

"तुझी छाती कापली न्हाय न्हवं?"

"न्हाय. गोळ्या दिल्यात."

"मग बरं हाय." आप्पा फोन तसाच धरून खाली माझ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "बाई, तुमच्या पुस्तकात लिवा. पयल्या पानावर लिवा. कॅमेरा दिलावरचा हुता. मी नुस्ता उजेड धरत हुतो."

शिंपी उगाचच सुईत दोरा ओवायला लागला. मग तोच घोगरा आवाज, पण आता ओला.

"आप्पा, कोपऱ्यात अजून हाय बघ. नीट पूस. सावकाश पूस."

"पुसतो की. मला कुठं जायचंय?"

आप्पा परत पुसायला लागले. मध्येच त्यांनी फडकं झटकलं आणि त्याची स्वच्छ घडी वर केली. मी खालून नीट बघत होते. कोपऱ्यावरनं फिरून आलेलं ते फडकं पांढरंशुभ्र होतं, कुंकवाचा कणसुद्धा नव्हता त्यावर. तिथं पुसायला केव्हाचंच काही उरलेलं नव्हतं.

शिंप्यानं हळूच विचारलं, "काय बाई, हाय व्हय अजून काय?"

"दिसलं ते दिसलं," मी म्हटलं, आणि शिडी आणखी घट्ट धरली.